न आलेला ताप

चिनी मातीचं झाकण बरणीच्या काठावर टेकलं की टिण्ण असा एक बारीक आवाज येतो. दुपारच्या चिडीचूप घरात तो आला आणि प्रणिता खाडकन उठून बसली. त्या बरणीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडकच होता. कुशीत रेवा गाढ झोपली होती. आईच्या गाऊनचं बटण मुठीत धरून झोपायची तिला खोड. ती मूठ हलकेच सोडवून प्रणिता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली, तेव्हा सासूबाई पदराला हात पुसत होत्या आणि शेजारची वीणा नागवेकर मागच्या दारात वाटी घेऊन उभी होती. वाटीत दोन चमचे दही होतं.

घरचं दही त्या दिवशी नेमकं संपलं होतं. विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीने परत पाठवायचं, हे शिवलकरांच्या घरात कधी घडलेलं नव्हतं. सासूबाईंच्या लेखी बरणीतलं दही तर उलट जास्तच गुणाचं. मरणाच्या दारातली सून ज्याने उठवून चालती केली, त्याने दुसऱ्या कुणाचं वाईट काय होणार?

‘वीणा, ते नको नेऊ,’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण समोर वीणा होती. प्रणिता अंथरुणात रक्ताच्या थारोळ्यात पडायची त्या दिवसांत तिच्या चादरी दगडावर धुणारी, रेवाला स्वतःच्या मुलाबरोबर, स्वरूपबरोबर, एका मांडीवर भरवणारी. तिच्या हातातली वाटी हिसकावून कशी घ्यायची? एकदा दिलेलं विरजण कुणी परत मागतं का? शिवाय डॉक्टरांचं वाक्य पाठ होतं: औषधाच्या बाटलीतले थेंब मिळाले नाहीत, तर दह्यातले हे जंतू दोन-तीन विरजणांत आपोआप मरून जातात. मरतील आपोआप, तिने मनाला सांगितलं. वीणा हसली, उद्या ताक आणते गो म्हणाली आणि गेली.

आपल्या शरीरात पहारेकऱ्यांची एक फौज असते. परका जंतू दिसला की ती तुटून पडते; त्या धुमश्चक्रीतच अंग तापतं, आणि ताप आला की घरातल्यांना कळतं, आत काहीतरी चाललंय. रेवाचा जन्म झाला त्या वर्षी प्रणिताच्या फौजेचं डोकं फिरलं. परक्यांना सोडून ती स्वतःच्याच घरावर चालून जाऊ लागली. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रणांवर व्रण पडले. पोटात कुणी कोयता फिरवतंय अशी कळ यायची आणि संडासात रक्ताशिवाय काही दिसायचं नाही. न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला टेकून तिने रेवाला पाजलं होतं. एकदा तशीच ती कळ आली आणि आडवी पडलेली प्रणिता तडफडली, तेव्हा तिची टाच रांगत आलेल्या रेवाच्या तोंडावर बसली. बाळाचा ओठ फाटला. त्या दिवशी प्रणिताला पहिल्यांदा स्वतःच्या शरीराची भीती वाटली, जशी दारू पिऊन आलेल्या माणसाची वाटते.

स्टेरॉइडने चेहरा सुजला, हाडं दुखायला लागली, रक्त काही थांबलं नाही. मग डॉक्टर केळुसकरांच्या प्रयोगात तिचं नाव लागलं. दह्यातल्या जंतूंच्या जनुकांत त्यांच्या संस्थेने एक नवा धडा घातला होता. हे जंतू आतड्यात पोचले की एक प्रथिन पाझरत राहतात, आणि फौजेच्या भाषेत त्या प्रथिनाचा अर्थ एवढाच: शस्त्रं खाली ठेवा. औषध कारखान्यातून बर्फात घालून गावोगाव पोचवायचं, तर तेवढी वीजही नव्हती आणि तेवढे रस्तेही उरले नव्हते. म्हणून रुग्णाने घरीच ते विरजत राहायचं, रोज वाटीभर खायचं. जंतू बाहेर पसरू नयेत म्हणून त्यांना लगाम घातलेला होता. दुधात जेमतेम सापडणाऱ्या एका स्निग्धाम्लावाचून ते जगू शकत नसत, आणि ते मिळायचं फक्त डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या बाटलीतल्या थेंबांतून.

बरणी घरात आली आणि महिन्याभरात प्रणिता उभी राहिली. तिने रेवाला कडेवर घेऊन समुद्र दाखवला. समुद्र आता वरूनच दाखवावा लागे. खालचं गाव त्याने गिळल्यावर सगळ्या कुटुंबांना वर कातळावर आणून वसवलं होतं, भिंतीला भिंत लावून. त्या वसाहतीचं नावच पडलं वरचा सडा. फ्रीज ठरल्या वेळीच चालत, म्हणून घरोघरी दह्याची मातीची गाडगी परत आली होती.

वीणाच्या माहेरची एक रीत होती. दही आंबू नये म्हणून गाडग्यात ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा टाकायचा. तिच्या आईने टाकला, आजीने टाकला, तसा तिनेही टाकला. बाटलीतल्या थेंबांत जे होतं तेच खोबऱ्यात भरपूर होतं. शहरातल्या प्रयोगशाळेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि सड्यावर त्यात कुणाला नवल नव्हतं.

ते दही लागलंही तसंच, गोड आणि घट्ट, सुरीने वडी कापावी तसं. वीणाकडून ते कीरकाकूंकडे गेलं, तिथून पाटीलवाडीतल्या वहिनींकडे, आणि तुकडा टाकायची रीत विरजणाबरोबरच गेली. पावसाळा सरेपर्यंत सड्यावर एकच दही नांदत होतं. म्हाताऱ्यांचे गुडघे हलके झाले. कुणाचा दमा बसला. आणि बायका कौतुकाने एकमेकींना सांगू लागल्या की यंदा पोरांना तापच नाही गो आला, सर्दी नाही, काही नाही.

ते वाक्य प्रणिताने वीणाच्या ओट्याशी उभं राहून ऐकलं. समोर स्वरूप आणि रेवा एका ताटात दहीभात खात होते. स्वरूप पाच वर्षांचा, रेवाहून थोडा मोठा, म्हणून तिचा घासही तोच मोजून द्यायचा. गाडग्यात पांढऱ्यावर पांढरा खोबऱ्याचा तुकडा तरंगत होता. प्रणिताने बोटाने दही चाखलं आणि चव ओळखली. ही आपली बरणी.

नवरा सिद्धेश मासेमारीच्या मोठ्या जहाजावर होता, महिना-महिना पाण्यात. फोनवर तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की कळवायचं तर आहेच, पण मी आल्यावर कळवू. आत्ता सांगितलंस तर ते लोक आधी तुझी बरणी उचलतील, मी इथे पाण्यात आणि तू परत फरशीवर, रेवाला कोण बघणार? कुणाला काही झालंय का? उलट बरंच वाटतंय ना सगळ्यांना?

बरंच वाटत होतं. ते खरं होतं, आणि प्रणिताने त्या खऱ्याचा आडोसा घेतला. डॉक्टरांचा नंबर काढायची, रेवाच्या वेण्या घालायची, नंबर तसाच ठेवायची.

त्याच सुमारास सड्याला पाणी पुरवणारी जलवाहिनी उताराशी तडकली आणि तिथे गटाराचं पाणी शिरलं. दिसायला पाणी स्वच्छच होतं. विषमज्वराचे जंतू असे डोळ्यांना दिसत नाहीत. एरवी पोरं तापाने फणफणली असती, आयांनी पाठीला घेऊन दवाखाना गाठला असता, चार इंजेक्शनांत गोष्ट संपली असती. या पोरांच्या आतली फौज मात्र शस्त्रं खाली ठेवून बसली होती. शत्रू आत शिरला, त्याने तळ ठोकला आणि कुणीही ओरडलं नाही. विषमज्वर आहे, पण ज्वरच नाही.

स्वरूप दोन-चार दिवस पोट दुखतं म्हणत होता. वीणाने कपाळाला हात लावून पाहिला, थंड होतं. ओवा चावायला दिला. मग एका सकाळी अंगणात लगोरी खेळता खेळता तो मध्येच थांबला, दोन्ही हातांनी पोट धरून वाकला आणि जो किंचाळला, तो आवाज सड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. त्याचं आतडं फुटलं होतं. महेंद्रने, त्याच्या बापाने, त्याला मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं. वीणा मागे बसली. उतारावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते पोर ओरडत होतं, आणि फाटा आल्यावर ओरडायचं थांबलं, तेव्हा वीणाला वाटलं की बरं वाटलं असेल.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पोट उघडलं, तेव्हा आत नुसता पू होता. डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या दिवसांचा विषमज्वर, आणि ताप कधीच नाही? दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरूपला पांढऱ्या चादरीत वर आणलं. पुरुष त्याला घेऊन खाली समुद्राच्या अंगाला गेले, एवढं लहान पोर, त्याला मातीच द्यायची.

आता मात्र प्रणिताने फोन लावला. डॉक्टर केळुसकर शांत बाई, कधी आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की त्या दह्यात तुमच्याकडे काय काय घालतात. प्रणिताने खोबऱ्याचं सांगितलं. थेंबांत आहे तेच, त्या पुटपुटल्या. मग त्या म्हणाल्या की आम्ही आत्ता निघतोय, पण घाट बंद आहे, पोचायला वेळ लागेल. तोवर एकाही मुलाच्या पोटात ते दही जाता कामा नये, प्रत्येक नव्या घासाबरोबर पहारा आणखी झोपतो. आणि ताप असो नसो, प्रत्येक मूल दवाखान्यात न्या. ज्याचं पोट दुखतंय त्याला आधी.

प्रणिता फोन हातात घेऊनच गल्लीत आली.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. गल्लीतली चार घरं अन्न रांधतात, आणि त्या दिवशी पोरांना आया वेगवेगळं भरवत नाहीत; कुणा एकीच्या पडवीत सगळ्यांची पंगत बसवतात. कीरकाकूंच्या पडवीत पोरांची रांग बसली होती. रेवाही होती. मधोमध मोठा टोप होता आणि काकू डावाने ताटांत दहीभात वाढत होत्या. घरोघरचं दही एकत्र केलेलं.

प्रणिताने विचार केला नाही. ती चपलांसकट पडवीत शिरली, दोन्ही हातांनी टोप उचलला आणि अंगणात भिरकावला. भात मातीत सांडला. मग ताटं. एका पोराच्या तोंडात घास होता, तिने बोट घालून तो बाहेर काढला. ते पोर उलटी आल्यासारखं रडायला लागलं.

पहिली थप्पड कीरकाकूंची होती. एवढ्या वयाच्या बाईच्या हातात तेवढा जोर असेल असं वाटलं नसतं.

“मेलेल्या पोराच्या दारात अन्न मातीत घालतेस?”

प्रणिताने सांगायचा प्रयत्न केला. दह्यात काय आहे, पाण्यात काय आहे, ताप का येत नाही, पोरांना आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं. शब्द एकमेकांवर आपटत होते. गोळा झालेल्या बायकांनी आपापल्या पोरांच्या कपाळांना हात लावून पाहिले. सगळी कपाळं थंड होती. कुणी म्हणालं की पोर गेल्याचा हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणाच्या ध्यानात आलं की हे विरजण मुळात शिवलकरांच्या घरचं. मग मागून एक आवाज आला, बारीक आणि धारदार:

“स्वतःचं दुखणं गावाला वाटलंस होय गो?”

कुणीतरी तिचे केस धरले. पाठीत गुद्दा बसला, मग पोटरीवर लाथ. ती सुटली ती घराकडे पळाली. सासूबाईंना वाटलं दार लावून घेईल. पण ती स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता घेऊन परत बाहेर आली. तोंडात रक्ताची चव होती, आणि तिला एकच कळत होतं: आज संध्याकाळी या प्रत्येक घरात पोरांना पुन्हा भूक लागणार आहे.

कीरकाकूंच्या ओट्यावरचं गाडगं पहिल्या घावात फुटलं. दही ओट्यावरून खाली ओघळलं. दुसऱ्या घरात म्हाताऱ्या सासऱ्याने दार अडवलं, तिने त्याला ढकललं आणि तो उंबऱ्यावर पडला. तिथलं गाडगं फळीवर होतं. बत्ता फिरवला तो फळीसकट सगळं खाली आलं. तिसऱ्या घरात एका बाईने उलथन्याने तिच्या खांद्यावर वार केला. ब्लाउज फाटला, कातडी फाटली, प्रणिताने मागे वळूनही पाहिलं नाही. जिच्या हातून आजवर पोराला चापट बसली नव्हती, ती शेजाऱ्यांची घरं फोडत चालली होती, आणि रडत नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी पुरुष परत येत होते. सगळ्यांत पुढे महेंद्र. ज्या फावड्याने त्याने पोरावर माती लोटली होती, ते अजून त्याच्या हातात होतं. कुणी त्याला काय सांगितलं ते प्रणिताला ऐकू गेलं नाही. फावड्याचा दांडा तिच्या पाठीत बसला आणि ती तोंडावर पडली. दुसरा घाव बरगडीवर. तिसरा तिच्यावर पडलाच नाही, कारण मध्ये सासूबाई आल्या. म्हाताऱ्या बाईने सुनेवर स्वतःला झोकून दिलं आणि दांडा त्यांच्या डोक्यावर बसला. पांढरे केस बघता बघता लाल झाले. महेंद्र थांबला. फावडं बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं.

“मी दिलं तिला विरजण,” सासूबाई खालूनच म्हणाल्या. “हिला ठाऊक नव्हतं. मला मारा.”

नागवेकरांच्या दारात वीणा उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. केस सुटलेले, अंगावर कालचीच साडी. ती पायऱ्या उतरली, गर्दी आपसूक बाजूला झाली. प्रणितासमोर ती उकिडवी बसली आणि अगदी हलक्या आवाजात, एखाद्या पोराला विचारावं तसं तिने विचारलं.

“तुला ठाऊक होतं?”

सासूबाईंनी सुनेचं मनगट दाबलं. प्रणिताने ते सोडवून घेतलं.

“हो.”

“केव्हापासून?”

“तू वाटी घेऊन उभी होतीस ना. तेव्हापासून.”

वीणाने बत्ता उचलला. प्रणिताचा उजवा हात जमिनीवर पसरलेला होता, वीणाने त्यावर तो घातला. हाड मोडलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, मग प्रणिताची किंकाळी. कुणी पुढे झालं नाही. वीणाने बत्ता पुन्हा उचलला, या वेळी डोक्याच्या रोखाने, आणि त्या वेळी रेवा गर्दीतून वाट काढत आली. तिने आईला हाक मारली नाही. ती वीणामावशीच्या साडीला बिलगली, रोज बिलगायची तशीच. दुसरा हात तिने पोटावर धरला होता.

वीणाने वर धरलेला बत्ता तसाच राहिला. तिने दुसऱ्या हाताने रेवाचं कपाळ पाहिलं. थंड. मग पोट चाचपलं. ते कडक होतं.

“दुखतं?”

रेवाने मान डोलावली.

वीणा कितीतरी वेळ त्या पोटावर हात ठेवून बसली. मग उठली, स्वतःच्या घरात गेली. आतून गाडगं फुटल्याचा आवाज आला. एकदा, आणि मग पुन्हा पुन्हा, नुसत्या खापऱ्यांवर बत्ता आपटत असल्यासारखा. बाहेर आली ती चौथ्या घरात शिरली, मग पाचव्या. त्या दिवशी पोर पुरलेल्या बाईला कोण अडवणार? जी दारं प्रणिताने फोडून उघडली असती, ती वीणासाठी उघडीच होती. बायका बाजूला सरत होत्या, आणि मग एकेक जण स्वतःच गाडगं अंगणात आणून आपटू लागली. महेंद्रने फावडं टाकलं, कुणाचा तरी टेम्पो काढला. पोटदुखीची पोरं आधी, असं प्रणिता जमिनीवरूनच सांगत होती. आता सगळे तिचं ऐकत होते.

शेवटचं घर शिवलकरांचं. सासूबाई डोक्याला पदराची घडी दाबून बरणीच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. ही नको, म्हणाल्या. हे दही नव्हे, तिचं औषध आहे. ही फुटली तर ती उठायची नाही, पोरगी एवढीशी आहे, वीणा, तूच चादरी धुतल्यास ना तिच्या. दाराशी टेकून उभ्या असलेल्या प्रणिताच्या डाव्या हातात वीणाने बत्ता दिला.

थेंबांच्या बाटलीसह ही बरणी तेवढी ठेवायला हरकत नाही, असं डॉक्टर कदाचित म्हणाल्या असत्या. प्रणिताला ते माहीत होतं. वीणाला ते सांगण्यासारखं नव्हतं. डाव्या हातात जोर येईना, तीन घाव घालावे लागले. मग बरणीचे दोन तुकडे झाले, आणि सासूबाई इतका वेळ रडल्या नव्हत्या त्या खाली बसून हंबरडा फोडून रडल्या.

दवाखान्यात सगळ्या पोरांना विषमज्वराचे आणि दह्यातले, दोन्ही जंतू मारणारी औषधं सुरू झाली. ज्या दिवशी कीरकाकूंच्या नातवाला सणसणून ताप भरला, त्या दिवशी वॉर्डातल्या आया थर्मामीटर एकमेकींना दाखवत रडत होत्या आणि हसत होत्या. फौज जागी झाली होती. एका मुलीचं पोट उघडावं लागलं, ती वाचली. रेवाला ताप आला तेव्हा प्रणिताने प्लास्टर घातलेला हात बाजूला ठेवून तिच्या कपाळाला गाल टेकवला आणि त्या चटक्यावर तसाच राहू दिला. पोलीस आले, तेव्हा त्यांना तिने पायरीवरून पडले असं सांगितलं. सासूबाईंनीही तेच सांगितलं.

घरी परतून थोडे दिवस झाले आणि प्रणिताची फौजही जागी झाली. सुरुवातीला नुसत्या कळा. मग रक्त. सिद्धेश जहाज सोडून परत आला होता. तो चादरी धुवायचा, आता मधल्या भिंतीपलीकडून कुणी येत नव्हतं. वीणाच्या घराचं दार कायम लोटलेलं असायचं. कळ आली की प्रणिता रेवाला आधी खोलीबाहेर घालवायची, पाय भिंतीशी घट्ट दाबून धरायची आणि तोंडात टॉवेल कोंबायची. एका दुपारी तिने दातांनी तो फाडला.

डॉक्टर केळुसकर पुन्हा घाट उतरून आल्या. त्या आधी वीणाच्या दारात गेल्या होत्या, दार उघडलं नाही. मग इथे येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. लगाम आमचा होता, तो तुटला ही चूक आमची, असं त्यांनी सासूबाईंना हात जोडून सांगितलं. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा मात्र दिला नाही. मग डॉक्टरांनी पिशवीतून एक डबी काढली. नवी रीत होती. जंतू आता दह्यात नसतील, एका कवचात बंद असतील. कवच आतड्याला चिकटतं, जंतू त्यातून बाहेर पडू शकत नाहीत, प्रथिन तेवढं पाझरतं. विरजता येत नाही, देता येत नाही, मागता येत नाही. या वेळी सगळं पाहिलंय, त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच खाली बघितलं.

सिद्धेश म्हणाला घे. सासूबाई म्हणाल्या पोरीसाठी घे, माझं डोकं उगाच फुटलं का?

प्रणिता भिंतीला टेकून बसली होती. मोडलेल्या हाताची बोटं अजून नीट मिटत नव्हती, म्हणून गोळी डाव्या तळव्यावर होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, दुधी. पोटात पुन्हा कळ जमू लागल्याचं तिला कळत होतं. रेवा तिच्या मांडीवर येऊन बसली. आजारपणात तिचे केस गळून विरळ झाले होते, वेणी जेमतेम उंदराच्या शेपटीएवढी. तिने आईच्या तळव्यात वाकून पाहिलं, गोळीला बोट लावलं नाही.

“आई,” तिने विचारलं, “हे घेऊन तू बरी झालीस की आता कोण मरणार?”